पुढची दोन चाकं

फोंडा घाटाच्या दुसऱ्या वळणावर केरबा मिस्त्रींनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "बाई, भज्याचा वास येतोय न्हवं?"

येत होता. उजव्या हाताला दरी होती, डाव्या हाताला ओला काळा कातळ, मागं ट्रकच्या हौद्यात पाच टन वाळूची पोती, आणि आमच्या केबिनमध्ये गरम तेलात काहीतरी सोडल्यासारखा वास. दाजीपूर वर राहिलं होतं. फोंडा गाव अजून पाचेक मैल खाली होतं. मध्ये हॉटेल नव्हतं, घर नव्हतं, कुणाची चूल पेटलेली असायचं कारण नव्हतं.

"कुठं कोन तळत बसलंय कुनास ठाऊक," मिस्त्री म्हणाले आणि ब्रेकवरचा पाय त्यांनी आणखी दाबला.

आमच्या दोघांच्या मध्ये बसलेल्या डॉक्टर ऑस्टरकाम्पनी मांडीवरच्या वहीतून मान वर केली आणि मिस्त्री काय म्हणाले ते मला जर्मनमध्ये विचारलं. मी दुभाषी होते. त्या गाडीत माझं दुसरं काही काम नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. "हवेबद्दल बोलतायत."

दोन महिन्यांत मी केलेलं ते पहिलं खोटं भाषांतर. तो वास कसला आहे हे त्या केबिनमध्ये फक्त मला माहीत होतं. ते कसं, हे सांगायला दोन दिवस मागं जावं लागेल.

एकसष्ट सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, कोल्हापुरात मुलींच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवत होते. पुण्यात कॉलेजला असताना हौसेनं जर्मनची पदविका घेतली होती, तिचा तोवर कुणाला काही उपयोग झाला नव्हता. मग उद्यमनगरातले भाऊसाहेब सरनोबत एक दिवस मुख्याध्यापिकांना भेटायला आले. त्यांच्या कारखान्यात ट्रकचे सुटे भाग बनत. घाटात टिकतील असे ब्रेक बनवायचे म्हणून त्यांनी जर्मनीहून एका म्हाताऱ्या इंजिनिअरला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं, आणि त्या इंजिनिअरला इंग्रजी जवळपास येत नव्हतं. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मी दुभाष्याचं काम करावं असं ठरलं.

हे इंजिनिअर म्हणजे डॉक्टर ऑस्टरकाम्प, बहात्तर वर्षांचे. उंच, वाकलेले, कानात केस. कारखान्यातल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचे आष्टेकरसाहेब केले होते आणि तेही त्या नावाला ओ देत. मला ते फ्रॉइलाइन म्हणत, म्हणजे कुमारी. भाऊसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांची महती ऐकवत. मोटारींना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असायचे त्या काळी या माणसानं पुढच्या चाकांनाही ब्रेक बसवले. लोक म्हणाले, अशी मोटार ब्रेक दाबताच कोलांटी खाईल. एका वर्तमानपत्रानं त्यांचं उलट्या मोटारीखाली लोंबकळणारं चित्रसुद्धा छापलं. पुढं वीस वर्षांत सगळ्या गाड्या तशाच बनू लागल्या. हे मी भाषांतर करून सांगितलं की डॉक्टर म्हणत, चित्र चांगलं होतं, नाक तेवढं चुकलं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होती. सरनोबतांच्या घरी वहिनींना ताप होता, त्यामुळे पूजेची मांडामांड भाऊसाहेबांनी माझ्यावर सोपवली. लांब टेबलावर पांढरं कापड घातलं होतं. हातोडे, कानशी, पाने, मायक्रोमीटर असं सगळं लोकांनी घासूनपुसून आणून ठेवलं होतं. टेबलाच्या टोकाला दोन लोखंडी ड्रम होते, परातीएवढे, पण खोल. ते कोरडे, निस्तेज दिसत होते, आणि एकाच्या आतल्या कडेला तांबूस गंज धरायला लागला होता.

आमच्या घरी खंडेनवमीला आई विळी, अडकित्ता, कात्री, बाबांची कंपासपेटी असं सगळं पाटावर मांडायची. प्रत्येकावर तेलाचं बोट फिरवायची आणि मगच हळदकुंकू लावायची. लोखंड कोरडं ठेवून पूजा करायची नाही, असं तिचं होतं. मी समईशेजारची तेलाची वाटी घेतली, एक फडकं घेतलं आणि ते दोन्ही ड्रम पुसले. बाहेरून थोडं. आतून जास्त, कारण गंज आत होता. फडकं गोल गोल फिरवताना आतला भाग आरशासारखा चमकायला लागला तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग बाहेरच्या अंगाला हळदकुंकवाची बोटं ओढली आणि वर एकेक झेंडूचं फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा, कारखाना बंद. तिसऱ्या दिवशी पहाटे केरबा मिस्त्रींनी ते ड्रम ट्रकच्या पुढच्या चाकांना बसवले आणि आम्ही राधानगरीवरून दाजीपूरला निघालो. ड्रम कशाचे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आष्टेकरसाहेब मिस्त्रींना ते तासायला आणि स्वच्छ करायला शिकवत होते त्या आठवड्यात शाळेत सहामाही परीक्षा होती, मी कारखान्यात गेलेच नव्हते. ते दोघं हातवाऱ्यांवर काम भागवत. दोघांनाही माझी फारशी गरज लागत नसे, खरं तर.

घाटमाथ्यावर मिस्त्री पाणी बघत होते तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं की ब्रेक नेमका धरतो कसा. शिकवणाऱ्याला दुसरा शिकवणारा भेटला की त्याला असं विचारायचा मोह होतोच. त्यांनी मला तळहात एकमेकांवर दाबून घासायला सांगितले.

"गरम झाले?"

"झाले."

"एक तळहात म्हणजे फिरणारा ड्रम. दुसरा म्हणजे त्याच्या आतून दाबला जाणारा लायनर. गाडीचा सगळा वेग त्या उष्णतेत जातो. आता असं समजा की हातांना तेल लागलंय."

मी हात घासतच होते. ते पुढं म्हणाले की उतारावर गाडी पुढं कलते, वजन पुढच्या चाकांवर येतं, म्हणून खरं काम पुढचे ब्रेक करतात. आणि मग स्वतःशीच हसून म्हणाले, "पन्नास वर्षं मी एवढंच केलं, फ्रॉइलाइन. दोन तळहात कोरडे ठेवले."

माझे हात थांबले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडी सपाटीवर उभी होती, चाकांना दगड लावलेले होते. मिस्त्रींनी बॉनेट बंद करून हात पुसून गाडीत चढायला तीन-चार मिनिटं तरी घेतली असतील. मी तिथं उभी राहून एवढंच ठरवत होते की ते ड्रम हे नसतीलच. असले तरी मिस्त्रींनी बसवताना पुसले असतीलच, एवढा जाणता माणूस. आणि नसतील पुसले, तर सगळ्या कारखान्यासमोर भाऊसाहेब म्हणतील, बाईमाणसाला यंत्राजवळ येऊ दिलं तिथंच चुकलं. मुख्याध्यापिकांच्या कानावर जाईल. मी ओठ उघडलेसुद्धा. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "चला बाई, बसून घ्या," आणि मी चढून दाराशी बसले.

चाचणी अशी होती की गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवायची, इंजिनाची मदत घ्यायची नाही, सगळा भार ब्रेकवर टाकायचा आणि ठराविक जागी थांबून ड्रम किती तापलेत ते मोजायचं. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्यावर भजी तळायला लागली.

आता तिसरं वळण दिसत होतं. मिस्त्रींचा पाय पूर्ण खाली होता, त्यांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या, आणि गाडी थांबायचं नाव घेत नव्हती. पळत नव्हती, सरकत होती. एखाद्या माणसानं मनगट धरलंय आणि त्याची पकड हळूहळू निसटतेय, तसं. पुढच्या चाकांकडून निळसर धूर वर येऊन माझ्या खिडकीतून आत यायला लागला.

"धरंना झालाय," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "सायबाला सांगा, ब्रेक धरंना."

हे मी सांगितलं. डॉक्टरांनी वही बंद केली, वाकून हवा हुंगली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. असा वास त्यांनी पन्नास वर्षांत घेतला नसावा. लायनर जळल्याचा वास वेगळा असतो, हे ते पुटपुटले.

तिसरं वळण आम्ही कसं घेतलं ते मला आठवत नाही. वळणाच्या पलीकडं मात्र म्हशी होत्या. सहा की सात, रस्ता भरून, आणि त्यांच्या मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला एक गवळी. मिस्त्रींनी हॉर्नवर मूठ ठेवली ती काढलीच नाही. गवळ्यानं वळून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आमची गाडी बाहेरून कशी दिसत होती. त्यानं काठीनं म्हशी कातळाकडं दाबल्या. शेवटच्या म्हशीचं शिंग माझ्या दाराला घासून गेलं, पत्र्यावर नखानं ओढल्यासारखा आवाज झाला. आमचं उजवं चाक दरीकाठच्या पांढऱ्या दगडांना लागून गेलं आणि त्यातला एक दगड खाली गेला. तो खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही.

तरीही त्या क्षणी मला दरीपेक्षा जास्त भीती न बोललेल्या त्या एका वाक्याची वाटत होती. हे आज सांगतानाही खाली बघावंसं वाटतं. पुढं सरळ उतार होता, त्याच्या तळाशी चौथं वळण आणि वळणावर कमरेएवढी कठड्याची भिंत.

मी जर्मनमध्ये म्हणाले, "मी तेल लावलं. ड्रमना. पूजेसाठी, मी तेल लावलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते रस्त्याकडेच बघत होते.

"किती चाकांना?"

"दोन. पुढच्या."

"आतून?"

"आतून."

"मागच्यांना नाही. नक्की?"

"मागचे टेबलावर नव्हतेच."

"छान," ते म्हणाले. खरोखरच म्हणाले, परीक्षेत बरोबर उत्तर आल्यासारखं. "म्हणजे मागचे एकटेच ओढतायत आणि तापतायत. दोन मिनिटांत तेही सोडतील. मिस्त्रींना सांगा, ब्रेकवरून पाय उचला."

मी ऐकलं, पण माझ्या तोंडून ते येईना. समोर भिंत मोठी होत होती.

"शब्दाला शब्द सांगा, फ्रॉइलाइन. पाय उचला, क्लच, रेस द्या, दुसरा गिअर. हँडब्रेक माझ्याकडे."

मी सांगितलं. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना उडी मारायला सांगतेय.

"पाय उचलू? येड लागलंय का त्याला? गिअर न्हाई पडला तर गाडी न्यूट्रलला जाईल बाई. मग देवबी धरायचा न्हाई."

"मिस्त्री, ते बरोबर सांगतायत. मला माहितेय ते बरोबर सांगतायत."

"तुमाला काय माहीत?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता आणि मी दिलंही नाही. डॉक्टरांनी आपला हात मिस्त्रींच्या गुडघ्यावर ठेवला होता, दाबून नाही, नुसता. दोन महिने त्या दोघांनी हातवाऱ्यांनी काम केलं होतं. केरबा मिस्त्रींनी ओठ घट्ट मिटले आणि पाय उचलला.

गाडीनं उसळी घेतली. इंजिन गरजलं, गिअरचा दांडा किर्र करून परत बाहेर आला. पडला नाही. आता गाडी कशातच नव्हती. डॉक्टर हँडब्रेक ओढून सोडत होते, ओढून सोडत होते, आणि एकच शब्द म्हणत होते, मी तो मराठीत म्हणत होते, "पुन्हा. पुन्हा." मिस्त्रींनी पुन्हा रेस दिली, इतकी की केबिनचा पत्रा थरथरला, आणि दांडा तळहातानं आत मारला.

पडला.

मी पुढच्या काचेवर आदळले. इंजिन जिवंत जनावरासारखं ओरडत होतं, पण गाडी अडली होती, मागून कुणीतरी दोरानं खेचल्यासारखी. "डावीकडे, गटारात," डॉक्टर म्हणाले, मी म्हणाले, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मिस्त्रींनी डावी चाकं कातळाकडच्या चरात घातली. माझ्या बाजूचं दार खडकाला घासत, चिखल उडवत, पत्रा चुरगळत आम्ही वीसेक हात गेलो आणि थांबलो. कठडा समोर दहा पावलांवर होता. त्यावर कुणीतरी खडूनं एक नाव लिहिलेलं होतं, ते मला वाचता येत होतं.

मग मिस्त्री खाली उतरले, सवयीनं दोन धोंडे शोधून मागच्या चाकांना लावले, आणि बॉनेटवर डोकं टेकून उभे राहिले.

डॉक्टर कठड्यावर जाऊन बसले. ड्रम निवायला पाऊण तास लागेल, म्हणाले. मला शेजारी बसायला सांगितलं. मी माफी मागायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि स्वतःच बोलायला लागले. इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

त्यांचे वडील चांभार होते. चौदाव्या वर्षी मुलगा मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तेव्हा ब्रेकला चामडं लावत. चामडं कोरडं पडून तडकत होतं, आणि हा चांभाराचा मुलगा. कोरड्या चामड्याला काय करायचं हे त्याच्या घरात लहान मुलालाही ठाऊक होतं. एका रविवारी कुणाला न सांगता त्यानं त्या चामड्याला माशाचं तेल पाजलं. सोमवारी गाडी उतारावरून थेट गिरणीच्या भिंतीत गेली. चालवणाऱ्या माणसाचा पाय मोडला. सगळे म्हणाले, त्याला ब्रेक वेळेवर दाबता आला नाही.

"तुम्ही सांगितलंत?"

"चार वर्षांनी. तोवर तो टपालकचेरीत लागला होता. म्हणाला, पाय सहा महिन्यांत बरा झाला होता. पण गावात तेव्हाही त्याला ब्रेक न सापडणारा ड्रायव्हर म्हणत. चांगला ड्रायव्हर होता. पुन्हा गाडीवर बसला नाही."

मी विचारलं, तेल का लावलं असं तुम्ही मला विचारलं नाहीत ते म्हणून का?

"नाही," ते म्हणाले. "गाडी उतरत होती. तेव्हा 'का' घेऊन काय करायचं होतं?"

तेवढ्यात मिस्त्री आमच्याकडे आले. टोपी काढून हातात धरली होती. त्यांना मी कधी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. साहेबांपुढं उभं राहून ते माझ्याकडे बघत बोलायला लागले. ड्रम मीच बसवलेत, माझाच हात कुठंतरी चुकला, साहेबाला तेवढं सांगा. एकतीस वर्षं काम करतोय, असं कधी झालं नाही. मालकांनी मिस्त्रीपण काढून घेतलं तरी मी तोंड वर करून बोलणार नाही. पण पोरीचं लग्न ठरलंय मार्गशीर्षात, व्याही कारखान्यातलाच आहे, तेवढं होईपर्यंत गावात बोभाटा नको, असं साहेबाला विनवा.

ते थांबले. आता मी भाषांतर करायचं होतं.

मी डॉक्टरांकडे वळले आणि जर्मनमध्ये म्हणाले की मिस्त्रींना वाटतंय चूक त्यांची आहे. तुम्हीच सांगाल का त्यांना? तुम्ही सांगितलंत तर ते समजून घेतील. मी फक्त भाषांतर करते.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मला मराठी येत नाही," ते म्हणाले, आणि उठून ट्रकच्या मागच्या चाकांकडे निघून गेले.

घाटात अतिशय शांत झालं होतं. खाली कुठंतरी पाणी वाहत होतं. मिस्त्री टोपी हातात फिरवत माझ्या तोंडाकडे बघत होते, साहेब काय म्हणाले ते ऐकायला. गाडी थांबली होती, दरी जिथल्या तिथं होती. जर्मनमध्ये बोलले होते ते मरणाच्या धाकानं बोलले होते. आता मागं कुणी लागलेलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर गप्प राहता आलं असतं.

"मिस्त्री, ते मी केलं," मी म्हणाले. "खंडेनवमीला. टेबलावर ड्रम होते, ते काय आहेत मला कळलं नाही. मी त्यांना तेल लावलं. वर घाटमाथ्यावर साहेबांनी ब्रेक समजावला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी बोलले नाही."

मिस्त्रींच्या हातातली टोपी फिरायची थांबली.

"आतनं लावलंसा?"

"आतून."

"कंचं तेल?"

"समईचं. शेंगदाण्याचं."

मिस्त्रींनी डोळे मिटले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मला वाटलं रडतायत, आणि ते हसत होते. धोतराच्या सोग्यात तोंड घालून, कठड्याला धरून हसत होते, मधेच डोळे पुसत होते.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, ह्या रानात भजी कोन तळतंय."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर नीट बसवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "खरं सांगू बाई? सकाळी बसवताना बोटाला बुळबुळीत लागलं हुतं. पूजेच्या आदल्या दिशी मी सोता पेट्रोलनं धुऊन ठेवलेलं ड्रम. म्हटलं, ह्ये पूजेचं असंल. पूजा झालेली वस्तू लगेच कशी पुसायची? हात झाला न्हाई. ह्ये बी सांगा सायबाला."

मी जाऊन सांगितलं. शब्दाला शब्द.

भाऊसाहेबांना आम्ही तिघांनी एकत्र जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पण तुम्हाला पूजा मांडायला सांगितली कुणी?" मी म्हणाले, "तुम्हीच, भाऊसाहेब." मिस्त्री मिस्त्रीच राहिले.

डॉक्टरांनी अहवाल मला सांगून लिहवला. त्यात होतं: तेल लागल्यामुळे पुढचे ब्रेक निकामी झाले. ड्रम उघड्यावर होते. ते काय आहेत हे खोलीतल्या प्रत्येकाला सांगितलेलं नव्हतं. सांगणं माझं काम होतं. मी दुभाषी बाईंना नुसती बोलणं पोचवणारी तार समजलो, आणि तारेला कुणी काही शिकवत नाही.

माझं नाव घालायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाव लिहिलं की वाचणारा तिथंच थांबतो, पुढचं वाचत नाही.

पुढं तीस वर्षं मी शाळेत घर्षणाचा धडा शिकवला. मुलींना तळहात घासायला लावायचे. तास चालू असताना दारात शिपाई किंवा पाणी भरणाऱ्या बाई दिसल्या तर त्यांनाही आत बोलवायचे आणि हात घासायला लावायचे. मुली हसायच्या.

घाटातल्या त्या दिवसानंतर चार दिवसांनी, नवे लायनर घालून, पुन्हा चाचणी ठरली. सकाळी मिस्त्रींनी पेट्रोलनं भिजवलेलं फडकं माझ्या हातात दिलं. "आता तुमीच पुसा," म्हणाले. मी दोन्ही ड्रम पुसले, आतून, बोट ओढलं की लोखंड करकरेपर्यंत. मग मिस्त्रींनी बाहेरच्या अंगाला हळदकुंकू लावलं, अगदी थोडं.

दाजीपूरच्या माथ्यावर डॉक्टर म्हणाले की आज मी वर थांबले तरी चालेल. ते आणि मिस्त्री हातवाऱ्यांवर भागवून घेतील. ते खरं होतं. खालून धुकं वर येत होतं, आणि तो सरळ उतार आणि त्याच्या तळाचा कठडा मला तिथूनही दिसतोय असं वाटत होतं. चुरगळलेलं दार कुणीतरी ठोकून सरळ केलं होतं, पण ते नीट लागत नव्हतं. मिस्त्रींनी ते आतून सुतळीनं बांधलं होतं.

मी चढले. आतून सुतळी धरून बसले.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला मिस्त्रींनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी हळू झाली, निमूट, शिकवलेल्या बैलासारखी. मी डोळे उघडले तेव्हा ते नाक वर करून हवा हुंगत होते.

"साहेब विचारतायत, कसला वास येतोय?" मी म्हणाले, कारण डॉक्टरांनी खरोखरच विचारलं होतं.

"कसलाच न्हाई म्हणावं," केरबा मिस्त्री म्हणाले.

फोंड्याला पोचल्यावर त्यांनी गाडी थेट एका हॉटेलसमोर उभी केली आणि कुणाला न विचारता तीन बशा भजी मागवली. डॉक्टरांनी पहिलं भजं मोडून नाकाशी धरलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्लं. मिस्त्रींनी माझी बशी माझ्याकडे सरकवली.

"खावा बाई," ते म्हणाले. "ह्ये तेल हितंच बरं."